बुडालेले किलोमीटर भरून काढू नका

प्रश्न : ताई, मी कराडला माध्यमिक शाळेत शिकवते, वय ४३. जूनमधल्या दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीत नाव नोंदवलंय. यंदा डाउन रन आहे, म्हणजे उताराच्या दिशेनं, पीटरमारित्झबर्गहून डर्बनपर्यंत, साधारण ९० किलोमीटर, वेळ १२ तास. पात्रतेसाठी मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत हवी होती, जानेवारीत मुंबईला ४:४१ मध्ये झाली. तिथपर्यंतही धड पोचले नव्हते, कारण नोव्हेंबरात डेंग्यू झाला होता. फेब्रुवारीत कृष्णाकाठी पाय खड्ड्यात पडून घोटा मुरगळला. मार्चमध्ये दहावीची परीक्षा, मग पेपर तपासणी. आणि आता तीन आठवड्यांपूर्वी सासूबाई घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. काल त्या पहिल्यांदा वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत गेल्या. चौदा पावलं. मी मोजली.

गेल्या पाच आठवड्यांत माझे किलोमीटर झाले १८, ०, २२, ११ आणि ९. शर्यतीला नऊ आठवडे उरलेत. तिकिटं काढलीत, शाळेत सगळ्यांना माहीत आहे. आता रोज पहाटे आणि संध्याकाळी असं दोन्ही वेळ धावून बुडालेलं भरून काढावं म्हणते. जमेल ना? की रद्द करू? रात्री जाग आली की हाच विचार डोक्यात फिरतो.

उत्तर : दोन्ही वेळ धावू नका. बाकी सगळं नंतर, आधी हे.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतेय? २०१७ साली मी नेमकं हेच केलं होतं. जानेवारीत टायफॉइड झाला, एकोणीस दिवस अंथरुणात गेले. उठले ती वही घेऊनच. एकोणीस दिवसांचे दोनशे दहा किलोमीटर बुडाले होते, ते मी पुढच्या पाच आठवड्यांत वाटून टाकले. हिशेब कागदावर चोख होता. तिसऱ्या आठवड्यात यवतेश्वरच्या घाटात, उतरताना, डाव्या नडगीवर एका जागी दुखायला लागलं. अंगठ्याएवढी जागा. बोट ठेवलं की डोळ्यांत पाणी यायचं, बोट उचललं की काही नाही. तरी मी आणखी सहा दिवस धावले. एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली. त्या वर्षी कॉम्रेड्सच्या दिवशी मी साताऱ्यात घरी बसून फोनवर ओळखीच्यांच्या वेळा बघत होते. टायफॉइडनं माझी शर्यत घालवली नव्हती. ती वहीतल्या हिशेबानं घालवली.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे मोह आवरेल. धावणं थांबलं की आधी उतरते ती रक्तातल्या पाण्याची पातळी, म्हणजे प्लाझ्मा. म्हणून पंधरा दिवसांनी धावायला गेलं की धाप लागते आणि आपल्याला वाटतं, सगळं गेलं. पण प्लाझ्मा पुन्हा धावायला लागल्यावर फार लवकर भरून येतो. हृदय आणि फुप्फुसंही दोन-तीन आठवड्यांत सूर धरतात. मागे राहतात ती हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या. त्यांना भार सोसायला शिकायला महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात दम म्हणतो ‘चल’, आणि नडगी अजून तयार नसते. माझी चीर तिसऱ्या आठवड्यात पडली, त्यात नवल काहीच नव्हतं.

तुमच्या सासूबाईंकडेच बघा. काल चौदा पावलं झाली. त्यांचे फिजिओथेरपिस्ट आज सोळा-अठरा म्हणतील. बुडालेल्या तीन आठवड्यांची पावलं आज चालून टाका, असं कुणी त्यांना सांगेल का? तुम्हीच आडव्या पडाल त्या माणसाला.

आता जायचं की नाही. माझं मत: जा, पण एका अटीवर, ती पुढे सांगते. तुमच्याकडे जानेवारीतली मॅरेथॉन आहे, तीही डेंग्यूनंतर दोन महिन्यांत केलेली. तो पाया पाच आठवड्यांच्या पडझडीत वाहून जात नाही. ४:४१ ची मॅरेथॉन धावणाऱ्याला १२ तास पुरतात, मात्र फार काही शिल्लक उरत नाही. नव्वद किलोमीटरला बारा तास म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटं, त्यात पाणी पिणं, लघवीला थांबणं, चढावर चालणं सगळं धरून. वाटेत टप्प्याटप्प्यावर कट-ऑफ असतात, म्हणजे त्या वेळेत तिथे पोचलं नाही तर शर्यत तिथेच संपते, ते वेगळेच. म्हणून पहिल्या दिवसापासून सराव चालण्यासकट करा. नऊ मिनिटं धावा, एक मिनिट भरभर चाला. चढ आला की लाज न बाळगता चाला.

पहिल्या आठवड्यात चार दिवस मिळून तीस किलोमीटर, त्याहून एकही जास्त नको. मग अडतीस, पंचेचाळीस, चौथ्या आठवड्यात पन्नास, त्यात एक तीसचा पल्ला. पाचव्या आठवड्याच्या शेवटी परीक्षा: बेचाळीस ते पंचेचाळीस किलोमीटर, किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या चालीनं, मधेमधे चालत. दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या जिन्यावरून कठड्याला न धरता उतरता आलं आणि एका जागी बोट ठेवून ‘इथे’ म्हणावं असं दुखणं नसलं, तर तुम्ही जाताय. नसेल तर तिकिटाचे पैसे गेले म्हणायचं आणि थांबायचं. ही अट आजच घरच्यांना वाचून दाखवा, कारण त्या दिवशी तुमचं मन काहीही पळवाट काढेल. सहावा आठवडा हलका. सातव्यात शनिवारी चोवीस आणि रविवारी थकल्या पायांनी सोळा. शेवटचे दोन आठवडे जवळजवळ आराम. त्या दोन आठवड्यांत हात-पाय शिवशिवतील, नसती दुखणी जाणवतील. तेव्हा काहीही भरून काढायला जाऊ नका.

डाउन रन म्हणजे सोपी, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. ते मनातून काढून टाका. उतारावर मांडीचा स्नायू लांबत असतानाच ताण झेलतो, आणि तो तंतूतंतूनं दुखावतो. फील्ड्स हिलचा उतार येतो तो साठ किलोमीटर ओलांडल्यावर. २०१८ मध्ये मी तिथे पोचले तेव्हा चढ परवडला असता असं वाटलं. एकेक पाऊल टाकताना मांडीत कुणी मूठ आवळतंय असं होत होतं. मला त्यातून नेलं ते उताराच्या सरावानं. एकदा जोरात उतरलं की दोन दिवस जिना नको होतो, पण पुढच्या वेळी तोच उतार निम्म्यानंही दुखवत नाही, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात एकेकदा उतरायचं. कराडहून सातारा एसटीनं तासा-दीड तासाचं. समर्थ मंदिराच्या चौकातून यवतेश्वरचा घाट चालत चढा आणि धावत उतरा. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही.

झोपेचं काय? रात्री चार तासच झोप झाली असेल तर त्या पहाटे धावायचं नाही. हा माझा नियम आहे आणि मी तो शाळेतल्या मुलांनाही लावते. उठल्या उठल्या, अंथरुणातच, मनगटाची नाडी मोजा. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर तो दिवस चालण्याचा. आणि घरात बोला. आठवड्यातल्या दोन रात्री तुमच्या यजमानांनी उठायचं, तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. हे मागताना तुम्हाला अपराधी वाटेल. तरी मागा. आजारपण काढणारी बाई आधीच एक लांब शर्यत धावत असते, शरीराला दोन्हींचा ताण एकाच खात्यात मांडावा लागतो.

डेंग्यूला आता पाच महिने झालेत, तरी एकदा रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही बघा. चाळिशीच्या आपल्या बायकांत लोह कमी असणं फार सर्रास, आणि आपण त्याला ‘सराव कमी पडला’ असं नाव देत राहतो. धावताना छातीत दुखलं, धडधड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सराव तिथेच थांबवून ईसीजी.

एप्रिल-मेचा उन्हाळा मात्र तुमच्या बाजूचा आहे. उन्हात सावकाश धावण्याची सवय झाली की रक्तातला प्लाझ्मा वाढतो. तिकडे जूनमध्ये थंडी असते. सुरुवातीला इतकी की एखादा जुना स्वेटर घालून उभं राहायचं आणि अंग तापलं की काढून टाकायचा.

आता रात्री डोक्यात फिरणाऱ्या विचाराबद्दल. त्याला हाकलू नका, कागदावर बसवा. मी एक वही करते, डाव्या पानावर ‘असं झालं तर’, उजव्या पानावर ‘हे करीन’. पोटात ढवळलं तर: दहा मिनिटं चालीन, घोट घोट पाणी, गोड बंद. पायात गोळा आला तर: थांबून ताणीन, मीठ लावलेला बटाटा खाईन. १२ तासांची बस पुढे गेली तर: पाठलाग नाही, पुढच्या उतारावर गाठीन. (बस म्हणजे तिथे एका ठरावीक वेळेत पोचवणाऱ्या म्होरक्यामागे धावणारा घोळका. तो म्होरक्या म्हणजे ड्रायव्हर.) २०१८ ला माझ्या वहीत एकवीस ओळी होत्या. त्यातली एक होती ‘बॅग आली नाही तर’. आणि खरंच बॅग आली नाही. शर्यतीचे बूट, मोजे आणि बनियन मी खांद्यावरच्या पिशवीत घेतले होते, म्हणून निभावलं. बॅगेतली शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू गेले, ज्यांच्यावर मी सहा महिने सराव केला होता. त्याचीही ओळ होती: शर्यतीच्या वाटेतल्या टेबलांवरचे उकडलेले बटाटे आणि संत्री. तिथे ते मिळतातच. पाणी प्लास्टिकच्या छोट्या पाकिटांत मिळतं, दातानं कोपरा फाडायचा असतो. दुधाची पिशवी घेऊन घरी एकदा सराव करून बघा, धावताना नाकात जातं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी पीटरमारित्झबर्गच्या रेल्वे स्टेशनवर गेले होते. १८९३ च्या ७ जूनला गांधीजींना गाडीतून उतरवून दिलं ते हेच स्टेशन. फलाटावर थोडा वेळ उभी राहिले. शर्यतीशी त्याचा संबंध नाही, पण तुम्ही शिक्षिका आहात, जाऊन या.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधारात, लाउडस्पीकरवर कोंबडा आरवतो. १९४८ साली मॅक्स ट्रिमबॉर्न नावाच्या धावपटूनं सुरुवातीच्या रेषेवर स्वतः आरवून दाखवलं होतं, तीच प्रथा. मग बंदूक. इंचांगाच्या भागात एथेम्बेनी शाळेची मुलं रस्त्याच्या कडेला हात पुढे करून बसलेली असतात. कुणाला दिसत नाही, कुणी चाकाच्या खुर्चीत. मी प्रत्येकाच्या हाताला हात लावला. त्यात माझा दीड-दोन मिनिटांचा वेळ गेला असेल, आणि त्याची ओळ वहीत आधीच होती. पुढे अर्ध्या वाटेच्या आसपास आर्थर्स सीट लागतं, दरडीत कोरलेली बसायची जागा. १९२० च्या दशकात पाच वेळा ही शर्यत जिंकणारा आर्थर न्यूटन तिथे विसावायचा म्हणतात. फूल ठेवून ‘गुड मॉर्निंग आर्थर’ म्हणायचं, म्हणजे उरलेली वाट नीट जाते, असा तिथल्यांचा विश्वास. मी रस्त्यात उचललेलं एक पिवळं रानफूल ठेवलं. मोझेस माभिडा स्टेडियममध्ये शिरले तेव्हा घड्याळात ११ तास ४७ मिनिटं झाली होती.

पहिल्या आठवड्याचे तीस किलोमीटर झाले की मला कळवा. आणि सासूबाईंची पावलं किती झाली तेही.

प्रश्न : मी नाशिकचा, वय २९, पहिल्यांदाच ५० किलोमीटर धावणार आहे. गुडघा थोडा कुरकुरतो. ग्रुपमधले सांगतात, सुरुवातीला एक आणि अर्ध्या वाटेत एक पेनकिलर घे आणि दर किलोमीटरला पाणी पी, म्हणजे काही होत नाही. बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही चूक, आणि दोन्ही एकत्र तर धोक्याचं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. लांब पल्ल्यात घाम गेल्यानं ते आधीच कमी झालेलं असतं, त्यात दुखावलेल्या स्नायूंचा चोथा गाळायचं कामही मूत्रपिंडावरच पडतं. शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर घरी झोपून राहायचं नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा. शिवाय गोळीनं गुडघा गप्प बसतो, बरा होत नाही. कुठे थांबायचं हे सांगणारा तोच एक, त्याचं तोंड कशाला बांधता?

पाण्याचं म्हणाल, तर दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये लांब पल्ल्याच्या खेळाडूंच्या अशा केसेस मांडल्या, ज्यांना पाणी कमी पडून नव्हे तर अती पिऊन त्रास झाला होता. रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो. बघणाऱ्यांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाजतात. शर्यतीत तुमचं वजन वाढलं, बोटातली अंगठी घट्ट झाली, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात. तहान लागेल तेवढंच प्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत सबंध ओतू नका, पोट बिघडतं. खारे दाणे, मीठ-लिंबू लावलेला बटाटा, आदल्या रात्री दहीभात. यातलं काहीही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खायचं नाही.

गुडघा आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कुरकुर कुठे होते, जिना उतरताना की चढताना, ते लिहून न्या.

प्रश्न : ताई, मी पुण्याचा, वय ३४. डिसेंबरात सह्याद्रीतल्या ५० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत ३८ व्या किलोमीटरला कट-ऑफ चुकला. सहा मिनिटांनी. कार्यकर्त्यांनी नंबर काढून घेतला आणि जीपमध्ये बसवलं. तेव्हापासून बूट घातलेले नाहीत. सगळी तयारी झाली होती, वाटेत एक ओढा ओलांडताना पाय घसरला आणि चाळीस मिनिटं लंगडत काढली. वर्षभराची मेहनत वाया गेली असं वाटतं.

उत्तर : भाऊ, सहा मिनिटं फार बोचतात, मला माहीत आहे. साठ मिनिटांनी चुकलं असतं तर एवढं लागलं नसतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही घाईनं ओलांडून गेलात. मुरगळलेल्या पायानं तुम्ही चाळीस मिनिटं डोंगरात चाललात, आणि तरीही कट-ऑफला फक्त सहा मिनिटं उशीर झाला. ओढा नसता तर तुम्ही वेळेच्या आत तिथे असता. वर्षभराची मेहनत त्या चाळीस मिनिटांत आहे, ती कुठे गेलेली नाही. कॉम्रेड्सची पहिली शर्यत १९२१ साली झाली तेव्हा ३४ जण धावले आणि १६ पोचले. उरलेल्या अठरांची नावं कुणी घेत नाही, पण ते निघाले नसते तर पुढची शर्यत झाली नसती असं मला मनापासून वाटतं.

नवीन शर्यतीत नाव मात्र आताच घालू नका. त्या रागात नोंदवलेली नावं मी बरीच पाहिली, त्यांतली निम्मी माणसं एप्रिलात जायबंदी होतात. आधी घोटा बघा. त्या पायावर डोळे मिटून तीस सेकंद उभं राहता येतं का? नसेल तर रोज दात घासताना एका पायावर उभे राहा, आज उजव्या, उद्या डाव्या. महिनाभरानं त्याच वाटेवर जा, घड्याळ घरी ठेवून, एखाद्या मित्राला घेऊन. चालतच जा. त्या ओढ्यापाशी थांबा, कुठल्या दगडावर पाय घसरला तो शोधा, आणि या वेळी चार पावलं वरच्या अंगानं ओलांडा. पलीकडे बसून डबा खा. पुढे जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर परत या.